स्पिअरफिशिंग शिकायचंय? आधी कॅमेरा घे, गन नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपूर्वी नाशिकहून सिडनीला आलोय, पूलमध्ये सलग एक किलोमीटर पोहता येतं, स्पिअरफिशिंगचे, म्हणजे दम धरून पाण्याखाली भाल्याने मासे मारायचे व्हिडिओ बघून वेड लागलंय, तर भाला मारायची गन ९० सेंटीमीटरची घेऊ का १२० ची, कॅमेरा मास्कवर लावू का गनवर, आणि आत्ता हिवाळ्यातच सुरू करू का उन्हाळ्याची वाट बघू.

मित्रा, अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी इथे अकरा वर्षं पाण्यात जातोय. गाव देवगडकडचं, लहानपणी काकांबरोबर खडपावर बसून गरवायचो, पण मासा पाण्यात असताना कसा दिसतो, कसा वळतो, कशाला घाबरतो हे सिडनीला येईपर्यंत कधी बघितलंच नव्हतं. म्हणून तुला वेड लागलंय ते मला बरोबर कळतंय.

उत्तर आधी सांगून टाकतो. गन आत्ता कुठलीच घेऊ नको. फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे टाकीशिवाय दम धरून बुडी मारायचा कोर्स कर, सूट आणि पायात घालायच्या फिन्स घे, एक छोटा कॅमेरा घे, आणि पहिले पाच-सहा महिने नुसता कॅमेरा घेऊन माश्यांच्या मागे जा. मासा दोन-अडीच मीटरवर आडवा उभा आहे, घाबरलेला नाही, असा शॉट तुला पुन्हा पुन्हा मिळायला लागला की गन घ्यायची वेळ झाली असं समज. कारण गनलासुद्धा नेमकं तेच लागतं, तेवढंच अंतर आणि आडवा मासा. पळत्या माश्याच्या शेपटीकडून भाला मारला की मासा जखमी होऊन निघून जातो, आणि तो मरतो कुठेतरी कपारीत, तुझ्या काही हाती लागत नाही.

आता दमाबद्दल, आणि हे नीट वाच, बाकी काही नाही वाचलंस तरी चालेल. पूलमध्ये किलोमीटर मारता येतो ही चांगली गोष्ट आहे पण बुडी मारणं हा वेगळा प्रकार आहे. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. त्यामुळे बुडीच्या आधी दहा-वीस जोरजोरात श्वास घेतले की काय होतं, ऑक्सिजन फारसा वाढत नाही पण कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो, म्हणजे धोक्याची घंटाच तू काढून टाकलीस. खाली एकदम मस्त वाटतं, दमच लागत नाही असं वाटतं. त्यात दुसरी गोष्ट म्हणजे दाब. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरला तिप्पट. खाली असताना दाबामुळे फुफ्फुसातला उरलासुरला ऑक्सिजनसुद्धा रक्ताला पुरतो, पण वर येताना शेवटच्या १० मीटरमध्ये दाब थेट अर्धा होतो आणि तो ऑक्सिजन पुरेनासा होतो. म्हणून माणसं खाली बेशुद्ध पडत नाहीत, वर येता येता पडतात, किंवा चक्क वर येऊन दोन श्वास घेतल्यावर पडतात. याला शॅलो वॉटर ब्लॅकआउट म्हणतात आणि चांगले तरबेज, तगडे लोक यात जातात, नवशिके तर जातातच.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. चार वर्षांपूर्वीची मार्चमधली सकाळ, पाणी स्वच्छ, खाली १५ मीटर. माझा जोडीदार माझ्यापेक्षा दमदार, त्याच्या मास्कवर कॅमेरा. खाली किंगफिशची टोळी घिरट्या घालत होती. मी वर तरंगत त्याच्याकडे बघत होतो. तो वर आला, मला हाताने ओके केलं, एक श्वास, दुसरा श्वास, आणि मग त्याची मान डुलायला लागली, झोपाळलेल्या माणसाची बसमध्ये डुलते ना तशी. ओठ निळे. मी तीन हातांवर होतो. हनुवटी धरून तोंड पाण्याबाहेर ठेवलं, मास्क काढला, गालांवर फुंकर मारली, गालावर थापट्या मारल्या आणि नाव घेऊन ओरडलो, श्वास घे, श्वास घे. आठ-दहा सेकंदांत तो परत आला. मी पाच मीटर लांब असतो किंवा मीही त्याच वेळी खाली असतो तर आज ही गोष्ट वेगळी असती.

संध्याकाळी आम्ही त्याचा व्हिडिओ लावला. चाळीसाव्या सेकंदाला तो वळायला लागलेला स्पष्ट दिसतो, फिन हलली, नजर वर गेली. तेवढ्यात टोळी पुन्हा उजवीकडून आली आणि तो परत वळला. मासे टप्प्यात नव्हतेच, तो स्वतःच म्हणाला की मी मारणार नव्हतो, फक्त फ्रेममध्ये हवे होते. त्या फ्रेमसाठी वीस सेकंद गेली. तेव्हापासून आमचा नियम आहे की कॅमेऱ्यासाठी एक सेकंदसुद्धा जास्त थांबायचं नाही. घड्याळात अलार्म लावलाय, वाजला की वळायचं, समोर काहीही असो.

तर नियम हे. एक खाली, एक वर, कायम. दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची नाही. जोडीदार वर आल्यावर निदान अर्धा मिनिट त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, गप्पा नंतर. जेवढा वेळ खाली होतास त्याच्या निदान दुप्पट वेळ वर आराम, खोल जायला लागलास की अजून जास्त. खाली जाताना स्नॉर्कल तोंडातून काढायचं, बेशुद्धीत तोंडात नळी असेल तर पाणी थेट आत जातं. वर आल्यावर जोरात हवा सोडून द्यायची नाही, पटकन आत घ्यायची, क्षणभर रोखायची, थोडी सोडायची, परत आत, असं चार-पाच वेळा. आणि एकट्याने कधीच नाही. जोडीदार नाही मिळाला तर त्या दिवशी खडपावर बसून चहा पी.

कोर्स एसएसआय, आयडा, पाडी, मोल्चानोव्ह कुठल्याही संस्थेचा पहिल्या लेव्हलचा चालेल, दोन-तीन दिवसांचा असतो आणि त्यात वाचवायचं कसं हे प्रत्यक्ष करून घेतात. तिथेच कान मोकळे करायला पण शिकशील. नाक दाबून छातीच्या जोराने फुंकायची पद्धत डोकं खाली असताना लवकरच अडते, जिभेच्या मागच्या भागाने हवा ढकलायची फ्रेन्झेल पद्धत शिकावी लागते. मला ती यायला दोन महिने लागले, रोज ट्रेनमध्ये बसून करायचो. कानात दुखायच्या आधी, दर मीटरला, पहिल्या मीटरपासूनच करायचं, दुखायला लागल्यावर केलं तर उशीर झालेला असतो. सर्दी असेल तर पाण्यात उतरू नको.

सामानाचं पटापट सांगतो. मास्क लहान आकाराचा, आत हवा कमी मावेल असा, दुकानात नाकाने हवा ओढून चेहऱ्याला चिकटतो का बघ, ब्रँड बघू नको. फिन्स लांब पात्याच्या, पहिली जोडी प्लॅस्टिकची घे कारण खडपावर आपटून खराबच होणार आहे, कार्बनच्या नंतर. पायाला फिन नीट बसणं पात्यापेक्षा महत्त्वाचं. सूट मात्र चांगला घे, त्यात काटकसर करू नको. थंडीने कुडकुडणारा माणूस दम धरू शकत नाही. सिडनीत हिवाळ्यात ५ मिलिमीटर, उन्हाळ्यात ३.५ पुरतो, एकच घ्यायचा असेल तर ५ घे. दोन तुकड्यांचा, डोक्यावर टोपी असलेला, आतून ओपन सेल, म्हणजे आत कापडाचं अस्तर नसलेला. हा सूट कोरडा घालायला गेलास की टरकन फाटतो, बाटलीत पाणी आणि थोडं केसांचं कंडिशनर हलवून आत ओतायचं मग सरकन जातो.

वजनाचा पट्टा रबराचा, एका हाताने सुटणारा. वजन किती हे दुसऱ्याला विचारू नको, प्रत्येकाचं वेगळं असतं. सूट घालून पाण्यात उभा तरंग, साधा श्वास सोड, तरी पाण्याची रेघ डोळ्यांपाशी राहिली पाहिजे. बुडायला लागलास तर वजन काढ. साधारण १० मीटरवर तू ना वर ना खाली असं पाहिजे, म्हणजे शेवटचे १० मीटर पाणी तुला आपोआप वर आणतं. नवीन लोक बुडी सोपी व्हावी म्हणून जास्त शिसं बांधतात, आणि नेमकं वर यायच्या वेळी तेच शिसं त्यांना खाली ओढतं.

फ्लोट, म्हणजे दोरीने मागे ओढायचा तरंगता बोया, आणि त्याच्यावर निळा-पांढरा झेंडा हवाच, बोटवाल्यांना तू खाली आहेस हे त्याशिवाय कळत नाही. आणि एक सुरी, दंडाला किंवा पट्ट्याला, गुंतलेली दोरी कापायला.

आता कॅमेऱ्याने शिकायचं म्हणजे काय ते सांगतो. मॅनलीला शेली बीच आहे, तिथली कॅबेज ट्री बे ही राखीव जागा आहे, तिथे काहीच मारता येत नाही, ना गळाने ना भाल्याने. म्हणून तिथले मासे माणसाला फार घाबरत नाहीत, आणि खोलीही नवशिक्याला झेपणारी. तिथे जा, जोडीदार घेऊन. पहिल्या दिवशी तू माश्याकडे बघून त्याच्या दिशेने पोहशील आणि मासा तेवढ्याच वेगाने लांब जाईल. व्हिडिओत नुसत्या शेपट्या येतील. घरी येऊन बघ, मासा नेमका कधी वळला. माझ्या व्हिडिओंत दरवेळी तीनच कारणं सापडायची, एकतर माझी फिन पृष्ठभागावर फटकन आपटली होती, नाहीतर मी डोकं वर करून थेट त्याच्या डोळ्यात बघत होतो, नाहीतर हात अचानक हलला होता. हे पाण्यात असताना कळतच नाही, आपल्याला वाटतं मासा लाजरा होता. व्हिडिओ मागेपुढे करून बघितला की कळतं.

बुडी कमरेतून वाकून मारायची, पाय सरळ वर, पायांच्या वजनानेच अंग आत जातं, फिन पूर्ण पाण्यात गेल्याशिवाय मारायची नाही. माश्यावर थेट जायचं नाही, तिरकं जायचं, त्याच्या वाटेच्या पुढे कुठेतरी, जणू तुला त्याच्यात काही रस नाही. तळाशी पोचलास की खडकाला धरून गवतात आडवा पड, हनुवटी खाली, आणि थांब. इटालियन लोक याला आस्पेत्तो म्हणतात, म्हणजे वाट बघणं, दबा धरून बसणं. खडकावर नखाने हलकं खरवडलंस किंवा मूठभर वाळू उडवलीस की बरेच मासे बघायला येतात, काय खायला मिळतंय का म्हणून. जो मासा तू मागे गेलास तर कधी हाती लागला नसता तो स्वतःहून दोन मीटरवर येऊन आडवा उभा राहतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी श्वास रोखलाय हेसुद्धा विसरलो होतो, आणि नेमकं हेच विसरायचं नसतं.

दुसरी एक गोष्ट कॅमेऱ्याने शिकवली ती म्हणजे आकार. पाण्याखाली मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. न्यू साउथ वेल्समध्ये किंगफिश ६५ सेंटीमीटरच्या खाली मारता येत नाही, आणि ५० चा किंगफिश पाण्यात डोळ्याला जवळजवळ ६६-६७ चा दिसतो. गळाला लागलेला छोटा मासा सोडून देता येतो, भाल्याने मारलेला नाही. म्हणून गन घेशील तेव्हा तिच्या नळीवर ६५ सेंटीमीटरला टेपची खूण कर आणि पहिल्या हंगामात जो मासा बघताक्षणी मोठा वाटला नाही त्याच्यावर चाप ओढूच नको. शंका आली म्हणजे छोटा आहे.

आणि हो, नावाने फसू नको. आपल्याकडे हॉटेलात किंगफिश म्हटलं की सुरमई येते. इथला यलोटेल किंगफिश सुरमई नव्हे, तो हलव्याच्या कुळातला. मलोवे म्हणून जो मासा आहे तो आपल्या घोळीचा नातलग, तो गुहेत आणि गढूळ पाण्यात असतो, त्याच्या नादाला पहिली दोन वर्षं लागू नको.

ब्लू ग्रोपरबद्दल वेगळं सांगायला हवं. हा न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा, १९९८ पासून. भाल्याने मारायला १९६९ पासून बंदी आहे. कुत्र्यासारखा माणसामागे फिरतो, क्लोव्हेलीला गेलास तर तुझ्या हातात काय आहे बघायला येईल. डिसेंबर २०२३ मध्ये क्रोनलाला ओक पार्कजवळ लोकांच्या ओळखीचा एक मोठा निळा ग्रोपर कोणीतरी भाल्याने मारला आणि अख्खं शहर हळहळलं, त्यानंतर २०२४ मध्ये सरकारने गळाने पकडण्यावरही बंदी आणली. नवशिक्याची गोची कुठे होते सांगतो. निळा असतो तो नर. मादी तपकिरी-तांबूस असते, आणि सगळे ग्रोपर आधी मादीच असतात, मग त्यातली एखादी मोठी होऊन नर बनते. म्हणजे तपकिरी, जाड ओठांचा, जवळ येणारा मासा दिसला तर तो ग्रोपरच समज आणि फक्त कॅमेऱ्यात घे. कॅमेऱ्याच्या सहा महिन्यांत तुझ्याकडे असे शंभर क्लिप जमतील आणि मग गन हातात असताना चूक होणार नाही.

बाकी नियम: फिशिंग लायसन्सची फी ऑनलाइन भरायची, भाल्यालाही लागते. स्कूबाची टाकी लावून मासा मारता येत नाही, दम धरूनच. भाल्याबरोबर टॉर्च वापरता येत नाही. समुद्रकिनाऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या बीचवर, दोन्ही टोकांचे शेवटचे २० मीटर सोडले तर बंदी. पकडलेला मासा विकता येत नाही. राखीव जागा आणि आकार-संख्या बदलत असतात म्हणून फिशरीज खात्याचं फिशस्मार्ट अॅप फोनमध्ये ठेव आणि पाण्यात उतरायच्या आधी त्या जागेचं बघ, गेल्या वर्षी चालत होतं म्हणून यावर्षी चालेल असं नाही.

आता गन. ९० का १२०? सिडनीच्या पाण्यात बहुतेक दिवस ५ ते १० मीटर दिसतं, खडकाच्या कडेला फेसात तर त्याहून कमी. १२० ची गन फिरवायला जड, कपारीत वळत नाही, आणि जिथपर्यंत दिसतच नाही तिथपर्यंत मारून करायचं काय. ९० किंवा १०० ची साधी रबरवाली रेल गन (नळीवर भाल्यासाठी खाच असलेली) घे, एक-दोन रबरं, ६.५ किंवा ७ मिलिमीटरचा भाला. रॉब अॅलन, ओशन हंटर, क्रेसी, कुठलीही चालेल. रोलर गन, रील वगैरे नंतर. सेकंडहँड घेतलीस तर रबरं आणि दोरी नवीन टाक, उन्हाने रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि ते तुटून तोंडावर बसतं. चापाची कळ दहा वेळा दाबून बघ, भाला अडकवून जोरात ओढून बघ, सुटला तर ती गन घेऊच नको.

गन फक्त पाण्यातच भरायची. खडपावर नाही, बोटीत तर नाहीच. भरताना मूठ छातीच्या हाडाला किंवा मांडीवर टेकवून दोन्ही हातांनी रबर सारखं ओढायचं, टोक जोडीदाराच्या विरुद्ध दिशेला. बाहेर यायच्या आधी रिकामी करायची. जोडीदार खाली असताना आपली भरलेली गन त्याच्याकडे वळलेली नाही ना हे दर मिनिटाला बघायचं. सेफ्टी लावलीय म्हणून निर्धास्त राहायचं नाही, ती असून नसल्यासारखी समज.

भाल्याला बांधलेली दोरी गनला, गनची लांब दोरी फ्लोटला, आणि कुठलीही दोरी स्वतःच्या अंगाला नाही. मोठा किंगफिश लागला की तो सरळ खाली खडकाकडे धावतो, तेव्हा गन सोडून द्यायची आणि आधी वर येऊन श्वास घ्यायचा, मासा फ्लोटला बांधलेलाच आहे, कुठे जात नाही.

सुरुवातीला लेदरजॅकेट आणि लुडरिक यांच्या मागे लाग. लेदरजॅकेट संथ, कातडी जॅकेटसारखी निघते, आमटीला फार छान, काटा कमी. लुडरिक फेसाळ पाण्यात टोळीने शेवाळ खात असतो, २७ सेंटीमीटरच्या वरचा चालतो, लगेच रक्त काढलं आणि पोटातला काळा पापुद्रा खरवडून टाकला तर चव चांगली, नाहीतर शेवाळाचा वास येतो. लाल मोरवाँग मात्र सोडून दे. तो आपली कपार सोडत नाही, हलत नाही, म्हणून नवीन माणसाला सोपा सापडतो, आणि तो कित्येक दशकं जगणारा मासा आहे, एक खडप दोन शनिवारात रिकामं होऊन जातं.

नेम कल्ल्याच्या मागे, मधल्या रेघेच्या किंचित वर. कण्याला लागला तर मासा जागीच थंड. नाही लागला तर हातात येताक्षणी डोळ्याच्या जरा मागे-वर सुरीचं टोक घालून मेंदू मोडायचा, जपानी लोक याला इकेजिमे म्हणतात, मग कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं. हे पाच सेकंदाचं काम आहे आणि ते टाळायचं नाही. मासा तडफडत ठेवणं हे त्याच्यासाठी वाईट, मांसासाठी वाईट, आणि तडफड शार्कला लांबूनही कळते. मासे कमरेला कधी लटकवू नको, फ्लोटला लाव. मोठा पाऊस झाल्यावर, पाणी गढूळ असताना, नदीच्या तोंडाशी जाऊ नको, उन्हाळ्यात तिथे बुल शार्क असतात. शार्क आलाच तर त्याच्याकडे तोंड करून, जोडीदाराच्या खांद्याला खांदा लावून हळू मागे यायचं, आणि त्याला मासा हवा असेल तर देऊन टाकायचा. पण खरं सांगू का, अकरा वर्षांत मला शार्कपेक्षा लाटांनी जास्त घाबरवलंय. आत जाणं सोपं असतं, बाहेर येताना खडपावर लाट आपटते. उतरायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून मोठ्या लाटांचा सेट कधी येतो ते बघ, आणि बाहेर यायची दुसरी जागा आधीच ठरवून ठेव.

आता तुझा कॅमेऱ्याचा प्रश्न. मास्कवर लाव, गनवर नको, निदान पहिलं वर्ष तरी. गनवर लावला की भाला आणि मासा एका ओळीत छान दिसतात हे खरं, पण गन फिरवताना पाणी अडतं, चाप ओढल्यावर चित्र हादरतं, आणि मुख्य म्हणजे शॉटच्या आधीचं काहीच दिसत नाही, गन तळाकडे वळलेली असताना नुसती वाळू. मास्कवरच्यात तू काय बघत होतास ते सगळं येतं आणि शिकायला तेच लागतं. कपाळाच्या पट्ट्यावर लावू नको, बुडी मारताना पाणी तो मागे ढकलतं.

गोप्रो स्वतः १० मीटरपर्यंत पाणी सहन करतो, पण बुडी मारून तळाला आपटणाऱ्या माणसाने वरचं कव्हर घ्यावंच, ते ६० मीटरपर्यंत चालतं. कव्हर बंद करताना रबराच्या कडेवर एक केस जरी अडकला तरी पाणी आत जातं, बोट फिरवून बघायचं. आत धुकं धरू नये म्हणून ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या टाक आणि बॅटरी उन्हात तापलेली असताना कव्हर बंद करू नको. पाण्यात टचस्क्रीन चालत नाही, म्हणून सगळं सेटिंग किनाऱ्यावरच. ४के, ६० फ्रेम, जमलं तर १२०, कारण भाला डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो आणि हळू करून बघितल्याशिवाय नेम का चुकला ते कळत नाही. आयएसओची, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घ्यायचा याची, कमाल मर्यादा ८०० वर ठेव, नाहीतर खोलीत चित्र मुंग्या आल्यासारखं होतं.

रंगाचं म्हणशील तर पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाच-सहा मीटरवरच माश्याचं रक्तसुद्धा हिरवट-काळं दिसतं. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, सिडनीचं पाणी बरेचदा हिरवट, तिथे गुलाबी-जांभळटसर मॅजेंटा फिल्टर बरा, पण तो लावला की उजेड कमी होतो. मी फिल्टर लावतच नाही, घरी रंग सुधारतो. खरा उपाय एकच, जवळ जा. तुझ्यात आणि माश्यात पाणी जितकं कमी तितकं चित्र स्वच्छ. सूर्य पाठीशी ठेव. म्हणजे परत तेच, चांगला शॉट आणि चांगला नेम यांना लागणारी गोष्ट एकच आहे.

रॉन टेलरचं नाव ऐकलं असशील. सिडनीचा हा माणूस १९६५ मध्ये ताहितीत झालेल्या स्पर्धेत स्पिअरफिशिंगचा जगज्जेता झाला, आणि त्यानंतर मारणं सोडून पूर्णपणे कॅमेऱ्याकडे वळला, कॅमेऱ्याची कव्हरंसुद्धा स्वतः बनवायचा. बायको व्हॅलरीबरोबर त्याने शार्कचं जे चित्रण केलं त्याने जगाला पाण्याखालचं खरं दाखवलं. मी मारणं सोडलेलं नाही, वर्षाला घरी लागतील तेवढे मासे आणतो. पण तो एवढा मोठा शिकारी होता म्हणून त्याला मासा कुठून येणार हे आधी कळायचं, आणि कॅमेरा हातात आल्यावर तेच कामाला आलं असं मला नेहमी वाटतं.

चॅनेल काढणार म्हणतोस तर तीन गोष्टी. जागा दाखवू नको, मागचा दीपगृहाचा किंवा कड्याचा आकार ओळखू येतो आणि पुढच्या शनिवारी तिथे वीस जण असतात. चुकलेले शॉट आणि रिकाम्या बुड्यासुद्धा टाक, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं दर बुडीला मासा असतो आणि तो मग खाली जास्त थांबतो. आणि जोडीदार वर उभा आहे, बघतोय, हे प्रत्येक व्हिडिओत दिसू दे. मी आमच्या त्या मार्चच्या बुडीचा व्हिडिओ ओळखीच्या प्रत्येक नवीन माणसाला दाखवतो, जोडीदाराची परवानगी घेऊन. तू आलास की तुलाही दाखवीन.

हिवाळ्याचं म्हणशील तर आत्ताच सुरू कर. इथलं पाणी हवेच्या मागे मागे चालतं, सगळ्यात गार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, १७-१८ च्या आसपास, आणि सगळ्यात उबदार फेब्रुवारी ते एप्रिल. पण हिवाळ्यात पश्चिमेचा वारा जमिनीवरून येतो, समुद्र सपाट होतो आणि पाणी कधी कधी उन्हाळ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. पुढच्या महिन्यात कोर्स कर, नोव्हेंबरपर्यंत शेली बीचला कॅमेरा, डिसेंबरमध्ये गन, म्हणजे फेब्रुवारीत किंगफिश जोरात असतील तेव्हा तुझे हात तयार असतील. तुझी उंची, वजन आणि छातीचं माप कळव, सूटचा साइज मी सांगतो, दुकानातले बहुतेक वेळा एक नंबर मोठा देतात आणि पाठीत पाणी खेळत राहतं.